दोन धारावी, दोन साष्टी : संदर्भनोंदीच्या निमित्ताने

संशोधनपर लेखाची संदर्भसूची लिहिणारा सर्वांत शेवटी लिहितो आणि वाचणारा बहुधा वाचतच नाही. विषय सुचणे, साधने जमवणे, मांडणी जुळवणे, निष्कर्षाशी झगडणे यांत महिनेच्या महिने जातात. मग मुदतीच्या आदल्या रात्री, नियतकालिकाचे सूचनापत्रक समोर ठेवून, आडनावानंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, ग्रंथनाम तिरप्या टाइपात घ्यायचे की अवतरणचिन्हांत, प्रकाशनवर्ष कंसात घालायचे की शेवटी, याची उस्तवार सुरू होते. लेख परत येतो तोही पुष्कळदा याच कारणासाठी. सिद्धान्ताविषयी चकार शब्द नसतो; 'संदर्भ विहित नमुन्यात नाहीत' एवढेच वाक्य असते. त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकांच्या मनात या प्रकाराविषयी एक अढी निर्माण झालेली दिसते. ही कारकुनी आहे, पाश्चात्त्य विज्ञानशाखांकडून उसनी आणलेली आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासाशी तिचा फारसा संबंध नाही, असे पुष्कळांना मनातून वाटत असते.

ही अढी सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. स्वल्पविरामाने ज्ञान वाढत नाही. तथापि संदर्भाचा आकार आणि संदर्भाचे प्रयोजन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आकाराच्या कंटाळ्यापायी प्रयोजनाकडे दुर्लक्ष झाले तर होणारे नुकसान लहान नसते. संदर्भ म्हणजे मुळात पत्ता. जे विधान केले त्याचा आधार कोठे राहतो, हे वाचकाला सांगणे आणि त्याला तेथपर्यंत आपल्या पायांनी जाता येईल अशी व्यवस्था करणे, एवढाच त्याचा अर्थ. चार घरांच्या वाडीत पत्त्याची गरज भासत नाही. नाव सांगितले की माणूस सापडतो. मीरा-भाईंदरचेच उदाहरण घेतले तर खाडीकाठची, मिठागरांची आणि कोळीवाड्यांची ही गावे एके काळी अशीच होती. १९८५ साली त्यांची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. आता पूर्व की पश्चिम, कोणता रस्ता, कोणती इमारत, कोणती शाखा हे सांगितल्याखेरीज टपाल पोहोचत नाही. ज्ञानव्यवहाराचेही असेच झाले आहे. पन्नास ग्रंथांच्या काळात 'राजवाडे म्हणतात' एवढे पुरेसे होते. आज ते पुरत नाही.

याच परिसराचा इतिहास अभ्यासाला घेतला तर संदर्भनोंदीचे सारे प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात. भाईंदर पश्चिमेकडून राई, मुर्धे, मोर्वे ही गावे ओलांडून पुढे गेले की डोंगरी, चौक, पाली, उत्तन हा समुद्राकडचा भाग लागतो. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरचा, वसईच्या किल्ल्यासमोरचा हा भूभाग जुन्या कागदपत्रांत धारावी बेट या नावाने येतो. धारावी देवीचे देऊळ आजही तेथे आहे. वसईच्या मोहिमेत या जागेचे महत्त्व उघड होते. समुद्रातून खाडीत शिरणारे तारू या टेकडीच्या नजरेखालून जाई, आणि वेढ्यात सापडलेल्या वसईला बाहेरून मदत पोहोचण्याचा मार्ग तोच होता. १७३७ साली साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७३९ साली धारावी पडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईही शरण आली.

आता दुसरी धारावी पाहावी. ती मुंबई बेटाच्या उत्तर टोकाशी, माहीमच्या खाडीकाठी आहे. तेथे इंग्रजांचा एक छोटा किल्ला आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या कारकीर्दीत, १७३७ साली, तो बांधला गेला. म्हणजे ज्या वर्षी मराठे साष्टीत उतरले त्याच वर्षी इंग्रज एका धारावीत तटबंदी उभारत होते, आणि दोन वर्षांनी मराठ्यांनी जिंकली ती दुसरीच धारावी होती. दोहोंमध्ये सरळ रेषेत २५-३० किलोमीटरचे अंतर, काळ एक, प्रसंग एक, नाव एक. मुंबईतील धारावीचे नाव आज जगभर झाले आहे. भाईंदरची धारावी मात्र तेथील रहिवाशांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. अशा स्थितीत एखाद्या प्रबंधात 'मराठ्यांनी १७३९ मध्ये धारावी काबीज केली' एवढेच वाक्य तळटिपेविना आले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणती धारावी उभी राहील हे सांगावयास नको.

ही चूक केवळ भूगोलाची राहत नाही. मुंबईची धारावी मानली की मराठे १७३९ मध्ये इंग्रजांच्या बेटावर चालून आले होते असा अर्थ होतो. वस्तुतः त्या वर्षी मुंबईकर इंग्रजांनी युद्धाची नव्हे तर सलोख्याची वाट धरली. कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेला, कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजी आप्पांकडे गेला, आणि त्या वर्षीच्या जुलैत उभयतांत तह झाला. एका ग्रामनामाची ओळख चुकली की एका राज्याचे सबंध परराष्ट्रधोरण उलटे होऊन बसते. आणि एकदा छापलेले वाक्य पुढचा अभ्यासक उचलतो, त्याचे तिसरा उचलतो. तिघांची सूची पाहणाऱ्याला वाटते की या विधानाला तीन आधार आहेत. प्रत्यक्षात आधार एकच असतो आणि तोही चुकलेला. 'धारावी : वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, आजच्या भाईंदर पश्चिमेतील चौक-उत्तन परिसर, मुंबईतील धारावी नव्हे' एवढी दोन ओळींची टीप हे सारे टाळू शकते. अशी टीप कोणत्याही सूचनापत्रकात मागितलेली नसते. ती अभ्यासकाने आपणहून द्यावयाची असते.

या टिपेखाली आधार कोणता द्यावा, हा पुढचा प्रश्न. वसईच्या मोहिमेची पत्रे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत आहेत. त्यांतील सोळावा खंड मुख्यतः याच मोहिमेला वाहिलेला आहे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे एकूण २२ खंड झाले. या संपादकांनी प्रत्येक पत्राला क्रमांक दिला. पुनर्मुद्रणात टाइप बदलतो, कागदाचा आकार बदलतो, पृष्ठे सरकतात. पत्राचा क्रमांक मात्र ढळत नाही. त्यामुळे अशा साधनांचा निर्देश खंड आणि लेखांक यांनी करणे हा इतिहासाभ्यासकांचा जुना शिरस्ता आहे. आज सूचनापत्रकात 'पृष्ठांक द्यावा' असे असते म्हणून अभ्यासक निमूटपणे पृष्ठांक देतो आणि लेखांक गाळतो. नियम पाळला जातो, पण पुढच्या आवृत्तीचा वाचक पत्रापर्यंत पोहोचत नाही. पृष्ठांक हवा असेल तर जरूर द्यावा. परंतु लेखांक वगळून नव्हे.

गॅझेटियरच्या बाबतीत धोका आणखी सूक्ष्म आहे. ठाणे जिल्ह्याचे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. तेराव्या खंडाचे दोन भाग जिल्ह्याच्या सर्वसाधारण वर्णनाचे, आणि चौदावा खंड स्थळवर्णनाचा. महाराष्ट्र शासनाने ठाणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर प्रसिद्ध केले ते १९८२ साली. बरोबर शंभर वर्षांचे अंतर, आणि दोन सनांत फरक फक्त एका अंकाचा. जुळाऱ्याकडून वा टंकलेखकाकडून आठाच्या जागी नऊ पडला की पुरावा एका शतकाने सरकतो. १८८२ मधील भाईंदर म्हणजे मिठागरे, भातशेती आणि मासेमारी. १९८२ मधील भाईंदर म्हणजे मुंबईत घर न परवडणाऱ्या चाकरमान्यांच्या इमारती उगवू लागलेले उपनगर. एका शतकाचे विधान दुसऱ्याच्या तोंडी घातले गेले तर त्यावरून काढलेला सामाजिक निष्कर्ष टिकणार कसा? त्यातून बहुतेक ठिकाणी नोंद असते ती 'ठाणे गॅझेटियर' एवढीच. कोणते, हे वाचकाने ओळखावयाचे.

कालनिर्देशाचा प्रश्न तर मराठी अभ्यासकाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. जुनी पत्रे शकात, सुहूर सनात आणि चांद्र महिन्यांच्या तिथींत बोलतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. वर्षाच्या शेवटाकडील, म्हणजे पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि यांपैकी कोणते हे महिना पाहिल्याखेरीज ठरत नाही. युरोपीय साधनांकडे वळले म्हणून सुटका होते असेही नाही. पोर्तुगीजांनी ग्रेगरीची सुधारित कालगणना सोळाव्या शतकातच स्वीकारली होती. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेला चिकटून राहिले. अठराव्या शतकात या दोहोंत ११ दिवसांचे अंतर पडत असे. म्हणूनच वसईच्या शरणागतीची तारीख कोठे ५ मे १७३९ अशी आढळते, तर कोठे १६ मे १७३९ अशी. हे दोन दिवस नव्हेत. एकाच दिवसाच्या दोन तारखा आहेत. ज्याने आपल्या संदर्भात कोणती गणना वापरली हे नोंदवले त्याच्या लेखात गोंधळ राहत नाही. ज्याने नोंदवले नाही त्याच्यावर पुढे कोणीतरी 'तारीख चुकली' असा आक्षेप घेतो आणि एका निरर्थक वादाची भर पडते.

धारावीप्रमाणे साष्टीही दोन आहेत. मीरा-भाईंदर ज्या बेटाच्या वायव्य कोपऱ्यात वसले आहे ती ठाण्याची साष्टी. दुसरी गोव्यातील, मडगावची साष्टी. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांची सत्ता होती, दोन्हीकडे ख्रिस्ती धर्मप्रसार झाला, दोन्हीकडे नवख्रिस्ती समाजाने आपली बोली सोडली नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, त्यांनी मुख्यतः गोव्याच्या साष्टीत कार्य केले, आणि त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तेथीलच रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती समाजाच्या मराठीविषयी लिहिणारा अभ्यासक 'साष्टीतील ख्रिस्ती मराठी वाङ्मय' असा शब्दप्रयोग करतो, तेव्हा कोणती साष्टी हे त्याने सांगितलेच पाहिजे. अन्यथा गोव्याच्या भाषेची वैशिष्ट्ये उत्तनच्या माथी मारली जातात, आणि उत्तनची स्वतःची बोली अभ्यासाविना राहते.

याच ग्रंथाने संदर्भनोंदीतील आणखी एक धडा शिकवला आहे. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. अभ्यासकाच्या हाती असते ती १९०७ ची मंगळूर येथील सालढाणा यांची रोमन लिपीतील आवृत्ती, अथवा कॅरिदाद द्राग्रो यांनी सिद्ध केलेली, १९९६ साली प्रसिद्ध झालेली देवनागरी आवृत्ती. तरीही सूचीत 'स्टीफन्स, १६१६' अशी नोंद सर्रास केली जाते. जे पुस्तक कोणी पाहिलेले नाही, पाहणे शक्यही नाही, त्याचा निर्देश पाहिल्यासारखा करणे म्हणजे वाचकाला रिकाम्या घराचा पत्ता देणे होय. येथे मूळ ग्रंथाचे वर्ष आणि प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष ही दोन्ही द्यावी लागतात. शिवाय पृष्ठाऐवजी पुराण, अवस्वर आणि ओवी यांचे क्रमांक द्यावे लागतात, म्हणजे आवृत्ती कोणतीही असो, वाचक योग्य ओवीशी येऊन थांबतो.

महिकावतीच्या बखरीची गत थोडी निराळी आहे. उत्तर कोकणाच्या, म्हणजे याच परिसराच्या पूर्वेतिहासासाठी हे साधन टाळता येत नाही. राजवाड्यांनी ती १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. बाहेरून पाहता हे एक पुस्तक आहे. आत मात्र वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणे एकत्र आली आहेत. त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ च्या सुमाराचा. इतर भाग त्यानंतरचे. अशा बखरीतून एखादे विधान घेऊन खाली 'राजवाडे, १९२४' एवढेच लिहिले की पंधराव्या शतकातील साक्ष आणि पुढच्या शतकांतील साक्ष एकाच मापाने मोजली जाते. साक्षीदार कोण आणि तो केव्हा बोलला, हे सांगणारा प्रकरणाचा क्रमांक येथे पृष्ठांकाहून मोलाचा आहे.

ज्या पद्धतींच्या नमुन्यात हे सारे बसवावयाचे असते त्या पद्धतींचा इतिहास पाहिला तर त्यांच्याविषयीची भीती बरीच कमी होते. कंसात ग्रंथकाराचे नाव आणि वर्ष घालण्याची रीत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते. एडवर्ड मार्क या तेथील प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये गोगलगायीच्या एका जातीच्या भ्रूणविकासावर लिहिलेल्या निबंधात ती वापरली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची नियमावली, जी आज मराठीच्या अभ्यासकांकडूनही मागितली जाते, ती १९२९ मध्ये सात पानांच्या एका लेखाच्या रूपाने जन्मली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले ते आपापल्या नियतकालिकांकडे येणाऱ्या हस्तलिखितांचा नमुना एक असावा, एवढ्यासाठी. त्यातून आकड्यांनी संदर्भ देण्याची व्हँकुव्हर पद्धती रूढ झाली. म्हणजे या पद्धती काही आकाशातून पडलेल्या नाहीत. आपापल्या शास्त्राच्या गरजेतून माणसांनी केलेल्या त्या सोयी आहेत. वैद्यकाला गेल्या पाच वर्षांतले संशोधन हवे असते, म्हणून तेथे वर्षाला मान. वाङ्मयाच्या अभ्यासकाला सातशे वर्षांपूर्वीची ओवी हवी असते; त्याची गरज वेगळी आहे.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी एक गृहीत आहे : प्रत्येक ग्रंथकाराला आडनाव असते, ते एकच असते आणि ते नावाच्या शेवटी येते. मराठीत हे गृहीत पावलोपावली ठेचाळते. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांचा निर्देश आडनावाने होत नाही. नावातील शेवटचा शब्द आडनाव समजणारी संगणकाची आज्ञावली 'संत तुकाराम महाराज' या नोंदीचे 'महाराज, सं. तु.' असे रूप करून मोकळी होते. टोपणनावांचा प्रश्न याहून बिकट आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे ही एकाच व्यक्तीची दोन नावे. कविता एका नावाने, नाटक दुसऱ्या नावाने. यंत्राच्या लेखी हे सहा ग्रंथकार होतात. उलटपक्षी नामदेवांच्या गाथेत 'नामा' या एकाच मुद्रेखाली विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्याही रचना मिसळल्या आहेत. तेथे अनेक ग्रंथकारांचा एक झाला आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली ती कर्तृत्वाची खूण म्हणूनच. जगभरच्या संशोधकांना स्वतंत्र ओळखक्रमांक देणारी ऑर्किड ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली, तिच्यापुढचा प्रश्न आणि गाथेच्या संपादकापुढचा प्रश्न मूलतः एकच आहे. अकारविल्हे मांडणीतही एकमत नाही. वर्णमालेच्या क्रमाने 'ज्ञ' अगदी शेवटी येतो, कोशाच्या क्रमाने तो 'ज' मध्ये पडतो. त्यामुळे एका सूचीत ज्ञानेश्वर 'जोशी' यांच्या शेजारी सापडतात, दुसऱ्या सूचीत 'हातकणंगलेकर' यांच्याही खाली.

यावर उपाय नियम झुगारून देणे हा नव्हे. आपल्या साधनांना अनुरूप असे थोडेच नियम करावे, आणि मग ते काटेकोर पाळावे, हा आहे. मध्ययुगीन ग्रंथकार प्रचलित नावाने नोंदवावा व पुढे संपादकाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष द्यावे. टोपणनाव ग्रंथावर असेल तसे ठेवावे आणि मूळ नाव चौकटी कंसात द्यावे. ओवी, अभंग, लेखांक, प्रकरण हे आवृत्तीनिरपेक्ष क्रमांक पृष्ठाच्या आधी यावेत. शक वा सुहूर सन जसा असेल तसा देऊन शेजारी इसवी सन द्यावा. एवढे केले की कोणत्याही पद्धतीच्या स्वल्पविरामांशी जुळवून घेता येते.

अशी शिस्त आपल्याला परकी आहे, हा समजही इतिहासाला धरून नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढील कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याचेच राहिले पाहिजेत, हा संदर्भनीतीचा गाभा त्या ताकिदीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे निधनापर्यंत, वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. १,२५९ हस्तलिखिते त्या कामी उपयोगात आणली गेली. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली पाठभेद. शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिपींनुसार हस्तलिखितांना दिलेली संक्षिप्त चिन्हे. संपादकाने एखादा पाठ नाकारला तरी तो खाली शिल्लक राहतो, आणि वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय राहते. तळटिपेचा याहून मोठा गौरव कोणता? शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध करण्यात आयुष्य घालवले. त्यांच्यापाशी संस्थेचे बळ नव्हते. होती ती केवळ चिकाटी. आज कोणत्याही मराठी प्रबंधाची सूची त्या श्रमांच्या पायावरच उभी असते, मग तीत दात्यांचे नाव असो वा नसो.

सद्यःस्थितीत मात्र संदर्भ दिला जातो तो आधार म्हणून कमी आणि अलंकार म्हणून अधिक. मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी या कॅलिफोर्नियातील दोघा संशोधकांनी २००३ मध्ये शास्त्रीय लेखांच्या सूचींतील मुद्रणदोषांचा माग काढला. एकाच्या सूचीतील चुकीचा पृष्ठांक जसाच्या तसा अनेकांच्या सूचींत उतरलेला त्यांना आढळला; त्यावरून त्यांनी असा अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकच मूळ लेख वाचत असावेत. मराठीत असा शोध घेतला तर काय हाती लागेल याची कल्पना प्रत्येक मार्गदर्शकाने आपापल्या मनाशी करावी. मूळ पत्र न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातून उचललेले अवतरण 'पेशवे दप्तर' म्हणून नोंदवणे ही आता चूक समजली जात नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. 'अमुक ग्रंथात उद्धृत' हे दोन-तीन शब्द लिहिण्यात कमीपणा वाटावा असे काही नाही. उलट त्यात पहिल्या शोधकाच्या श्रमांची कबुली आहे.

नियमांनी हा प्रश्न सुटेल अशी आशा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम करून दाखवली. त्यांनुसार प्रबंधातील साम्य यंत्राने मोजले जाते. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्यांवर दंड वाढत जातो. ही तपासणी आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु ती करताना संदर्भसूची मोजणीतून वगळली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परिणामी चोरलेले वाक्य यंत्राला सापडते, न वाचलेला ग्रंथ सापडत नाही. नियतकालिकांच्या दर्जासाठी २०१९ पासून लागू झालेली केअर यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. दर्जाची जबाबदारी फिरून संस्थांवर आणि अभ्यासकांवर आली आहे. त्यातच आता संगणक मागाल त्या विषयावर सूची रचून देऊ लागला आहे. तीत नमुना निर्दोष असतो, स्वल्पविराम जेथल्या तेथे असतो. फक्त तो ग्रंथ अस्तित्वात असेलच असे नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी अशाच रचलेल्या निवाड्यांचे दाखले दिले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. आकार आणि प्रयोजन यांची फारकत याहून पुढे जाणे कठीण आहे.

येथे अभ्यासकाची बाजूही न्यायाने पाहावयास हवी. मीरा-भाईंदरमध्ये राहून उत्तर कोकणावर काम करू पाहणाऱ्या अध्यापकाला मूळ साधनांसाठी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जावे लागते, नाहीतर फोर्टात एशियाटिक सोसायटीत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. पण भाईंदरहून ठाण्यास थेट लोकल नाही, घोडबंदर रस्त्याची वाहतूक सोसावी लागते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ तर सुट्टीतच गाठायचे. दिवसाची तासिका, परीक्षेचे काम, पदोन्नतीसाठी लागणारी लेखांची संख्या आणि गर्दीचा प्रवास यांतून एक पत्र पडताळण्यासाठी एक अख्खा दिवस काढणे ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून उपदेश सोपा आणि आचरण कठीण, हे मान्यच करावयास हवे. पण त्याच कारणाने, ज्याने तो दिवस काढला त्याची दोन ओळींची तळटीप हे पुढच्या दहा जणांवरचे ऋण ठरते. तो दिवस त्यांना पुन्हा काढावा लागत नाही.

विद्यार्थ्याला संदर्भ कसे लिहावेत हे शिकवताना म्हणूनच स्वल्पविरामापासून सुरुवात करू नये. त्याच्या हाती एक पत्र द्यावे, त्यातील एक ग्रामनाम नकाशावर शोधावयास सांगावे, आणि ते का सापडले वा का सापडले नाही हे लिहावयास सांगावे. उत्तनच्या कोळीवाड्यातून, डोंगरीच्या ख्रिस्ती आळीतून, राई-मुर्ध्याच्या आगरी घरांतून आज मुले पदव्युत्तर वर्गांत येत आहेत. त्यांच्या गावाचे नाव अठराव्या शतकातील कागदांत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि ग्रंथांत ते नाव दुसऱ्याच गावाच्या खाती जमा झाले असेल, तर ती मुले ते शोधणार तरी कशी? एखाद्या विस्मृत तळटिपेत 'चौक-उत्तन परिसर' हे शब्द नेमके असले, म्हणजे त्यांच्यापैकी एखाद्याला आपल्या टेकडीपर्यंतची वाट सापडते. संदर्भनोंदीचा सारा खटाटोप करावयाचा तो त्या एका वाचकासाठी.